तीन नंबरच्या डॉकवरचा थांबा

आमच्या चाकणच्या कंपनीत बिनड्रायव्हरची गाडी आली, ती शिकली माझ्याकडून. दोन महिने मी तिच्यात बसून गोदामातून प्रेस शॉपला माल वाहिला आणि वर लावलेले कॅमेरे माझं चालवणं टिपत राहिले. पोरं चेष्टा करायची, "काय राव, स्वतःच्या हाताने स्वतःचं तेरावं घालताय." मी हसायचो. सव्वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला कोणी शिकवायला बसवलं की छाती जरा फुगतेच, खोटं कशाला बोलू.

मग ती एकटी चालू लागली, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. माल चढवायच्या तीन नंबरच्या डॉकपाशी मागे जाण्याआधी ती उगाच थांबायची. एक श्वास घ्यावा तेवढीच. तिच्यावर काम करणारी इंजिनिअर मुलगी तळेगावहून यायची, मोजकं बोलणारी. तिने मला विचारलं, "काका, मी रेकॉर्डिंग पाहिलं. तुम्ही प्रत्येक फेरीला इथे थांबता. का?"

"उतार आहे," मी म्हणालो. तिथे उतार नाही, ते तिलाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिने गाडीचा तो थांबा काढून टाकला.

त्या जागी आठ वर्षांपूर्वी माझा जोडीदार गेला. आम्ही दोघं एकाच गाडीवर असायचो. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून रस्ता मोकळा आहे हे बघायचं आणि ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारायची. थाप ऐकल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, हा आम्हा ड्रायव्हरांचा कुठेही न लिहिलेला नियम. त्या दुपारी मी थापेची वाट पाहिली नाही. रोजचंच काम, रोजचाच डॉक, घेतली मागे. तो वाकून चाकामागचा लाकडी ठोकळा सरळ करत होता. चौकशीत मला विचारलं, थाप पडली होती का? मी हो म्हणालो. इशारा दिल्यावर तो स्वतःच आत शिरला, असं कागदावर आलं. खाली माझी सही आहे. तेव्हापासून मी तिथे थांबत आलो.

थांबा गेल्यावर मला राहवेना. एकदा जेवणाच्या सुट्टीत गाडी एकटीच फेऱ्या मारत असताना मी डॉकवर गेलो आणि तो जसा वाकला होता तसा वाकलो. गाडी मागे येऊ लागली. माझ्यापासून चार हातांवर थांबली आणि थांबूनच राहिली. मी तिथेच खाली बसलो. ही तेव्हा असती तर तो आज जिवंत असता, इतकं साधं होतं ते. मला रडू आलं आणि गाडीचा रागही आला.

पुढच्याच आठवड्यात बातमी फुटली की निम्मे ड्रायव्हर कमी होणार, शेवटी लागलेले आधी. त्यात माझ्या त्या जोडीदाराचा मुलगा होता. बाप गेला म्हणून मोठा झाल्यावर कंपनीने त्याला घेतलेलं. काळेवाडीत दोन खोल्या, आई, नुकतंच झालेलं लग्न. तो मला कँटीनमध्ये गाठून म्हणाला, "काका, तुमी बोला सायबांशी. तुमचा शब्द ते खाली पडू देत न्हाईत. आमचे आण्णा म्हणायचे, नजर असावी तर तुमच्यासारखी." माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी साहेबांकडे शब्द टाकला, तेव्हा गाडी किती सुरक्षित आहे ते दाखवायला त्यांनी सगळ्यांना डॉकवर बोलावलं. ट्रेलरच्या मागे कंपनीचा निळा युनिफॉर्म चढवलेला पुतळा उभा केला होता. गाडी मागे आली, पुतळ्याआधी अलगद थांबली. "आता बोला," साहेब मला म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, हा उभा आहे म्हणून दिसला. आपला माणूस इथे वाकून ठोकळा लावत असतो. वाकलेला माणूस यंत्राला कळत नाही. त्याला माणसाचीच नजर लागते. सव्वीस वर्षं मी हेच बघत आलोय."

इंजिनिअर मुलीने तोंड उघडलं. गाडीमागे वाकलेला मी तिला कॅमेऱ्यात नक्कीच दिसलो असणार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली.

साहेब पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, वर्षभर प्रत्येक गाडीत ड्रायव्हर राहील, कोणालाही काढणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जोडीदाराचा मुलगा गर्दीतून पुढे आला. डोळे भरलेले. सगळ्यांच्या देखत तो माझ्या पाया पडायला वाकला, बापाच्याच जागेवर. या खेपेला वाकलेला माणूस मला नीट दिसत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो.