पगड्यांच्या कपाटाशेजारची खुर्ची

"होऊ द्या," असं म्हणून ते उजवा हात जरासा वर करायचे, आणि मगच गाणं सुरू व्हायचं.

तुम्ही कधी रविवारी सकाळी आमच्या नगरच्या संग्रहालयातल्या मैफलीला आला असाल, तर पहिल्या रांगेच्या टोकाला, पगड्यांच्या काचेच्या कपाटाला चिकटून बसलेले हे काका तुम्ही पाहिले असतील. पांढरा नेहरू शर्ट, काळं जाकीट, पिळदार मिशा. मैफली तरुण मुलामुलींच्या आणि प्रवेश फुकट. गाणारं पोर रिवाजाप्रमाणे "आपली परवानगी असावी" म्हणून समोर बघायचं, आणि समोर हेच दिसायचे. बाहेरगावची मुलं त्यांना कोणी मोठे बुवा समजून पाया पडत. एखाद्या आईने कसं झालं म्हणून विचारलं, तर ते गंभीरपणे सांगत, "वरचा सा जरा सांभाळा." हे वाक्य त्यांनी माझ्याकडून उचललं होतं. एकदा तबलेवाल्यालाही त्यांनी तेच सांगितलं.

ते आमच्या गल्लीतले. मूळचे नेवाशाकडचे, जन्मभर ट्रक चालवलेले आणि ठार बहिरे. कान इंजिनाने खाल्ले, असं म्हणायचे. ओठ बघून त्यांना निम्मं कळे, उरलेलं ते मनाने भरत. बहिऱ्या माणसाचं असतं तसं त्यांचं बोलणं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

या मैफलींचं निवेदन मी करते. एकदा घरी करमत नाही म्हणून ते माझ्यासोबत आले. बसताना त्यांनी आधाराला कपाटाच्या काचेवर तळहात टेकला आणि तेवढ्यात तंबोरे सुरू झाले. मैफल संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. परतताना रिक्षात ते रडत होते.

"ताई, लई वर्सांनी कायतरी आलं बगा. हातातनं आलं."

मलाही भरून आलं. त्यानंतर त्यांची एकही मैफल चुकली नाही.

पहिल्यापहिल्यांदा ते "आज जाड हुतं", "आज बारीक हुतं" एवढंच सांगत. मग एका रविवारी ललत राग संपल्यावर उठताना त्यांनी विचारलं, "आज दोघी गायल्या का?"

"एकच होती, काका."

"न्हाई. दुसरी काचंच्या पल्याड हुती."

मी हसले. काचेतून आवाज घुमतो वगैरे काहीबाही समजावलं. "आसंल," ते म्हणाले. पण पुढच्या खेपेला पुन्हा सांगू लागले, "समेवर पल्याडनं थाप येती. मांडीवर मारल्यावानी. तुमच्या लोकांच्या आदी."

तेव्हा मी ठरवून गाणाऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसले. मध्येच तबलेवाला चुकला. गाणारा बावरला, सम कुठे गेली ते कोणाला कळेना. काकांची मान मात्र शांतपणे खाली आली. मी बोटांवर मात्रा मोजत होते म्हणून मला कळलं, सम तिथेच होती. त्यांच्या शेजारी काचेआड लाकडी ठोकळ्यांवर नुसत्या पगड्या होत्या. त्यानंतर मी कधी हसले नाही.

पुढे गर्दी वाढली. चहा ठेवायला लागल्यावर तर फारच. मैफल वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात न्यायचं ठरलं, तेव्हा काका माझ्याकडे आले. चहालाही थांबले नाहीत.

"वर काय हाय हाताला? समदं सिमेट. म्या तितं बसून काय करू, ताई?"

खालीच राहू द्या म्हणून मी संग्रहालयाच्या मंडळींना सांगून पाहिलं. पण खाली पाय ठेवायला जागा उरली नव्हती, त्यांचंही खरंच होतं. काकांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. तोंड उघडायच्या आधीच त्यांना ते कळलं.

वरच्या पहिल्या मैफलीला ते आले. "होऊ द्या" म्हणाले. आलाप सुरू झाला तसे उठले आणि जिना उतरून गेले. मला मधूनच उठता येईना. गाणं संपल्याबरोबर मी खाली धावले.

खालच्या दालनात दिवे चालू होते. खुर्च्या सगळ्या वर नेलेल्या. काका अगदी दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, पाय जुळवून उभे होते. कपाट पार दुसऱ्या टोकाला.

"काका, काचेपाशी का नाही गेलात?"

"जायला वाट कुटं हुती? पार दारापातूर बसलेत." ते कुजबुजत बोलत होते. त्यांना इतकं हळू बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मग हाताला काही लागलं नसेल?"

त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "हात कशाला लागतोय? ऐकू येतंय की." चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मला भीती वाटली. "उभं ऱ्हाऊन पाय दुखले तेवढं. पुढल्या बारीला बसायला जागा देतो म्हनले."

मी त्यांचा दंड घट्ट धरून त्यांना बाहेर उन्हात आणलं.

पुढची मैफल यायच्या आत काका झोपेतच गेले.

त्या रविवारी मी निवेदन कसं केलं, मला आठवत नाही. गाणं संपलं, दालन रिकामं झालं, माणसं जिना उतरून फाटकाबाहेर गेली. मी वरच रेंगाळले. जिन्याखालून शिपाई मावशींनी विचारलं, "मॅडम, खालचे दिवे घालवू का?"

"लोक उठू देत आधी," मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या दालनात पाहिलं. बटणावरचा हात काढला आणि पायरीवर बसून राहिल्या.