मोजून दिलेलं पाणी

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा आम्ही दरेकसा स्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे यजमान तिथे असिस्टंट स्टेशनमास्तर होते. मी त्यांना जन्मभर 'हे' म्हणत आले, तसंच इथेही म्हणते. यांना एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. गाडी नसली तरी फलाटावर फेऱ्या मारायचे, कंदिलांच्या काचा पुसल्या की नाही बघायचे, जंगलातून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायांशी मोडक्या गोंडीत बोलायचे. जेवायला बसले तरी कान तारयंत्राकडे.

थंडीत यांचा घसा धरला, ताप आला आणि उतरला. काही आठवडे गेले. एका सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणाले, "माह्ये डोळे काऊन असे दिसून राह्यले?"

पापण्या फुगल्या होत्या. मला वाटलं, रात्रपाळीने झोप झाली नसेल. पण थोड्याच दिवसांत बुटात पाय जाईना. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला होता, हे त्यांनी फार उशिरा सांगितलं.

गोंदियाला एका खाजगी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मूत्रपिंडाला सूज आहे, पाणी भरपूर पाजा, जवाचं पाणी द्या, गोखरूचा काढा दिला तरी चालेल, सगळं आतून धुऊन निघेल. माझी सासू दवनीवाड्याहून आली, ती पदरात कुळीथ बांधूनच. दिवसभर ती कुळथाचा, गोखरूचा काढा उकळायची आणि तांब्यामागून तांबे पाजायची. हेही निमूट प्यायचे. पाणी आत जात होतं, बाहेर मात्र काही येत नव्हतं. पाय, पोट, मग तोंड सुजलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायचे, आणि बसवतही नाही म्हणून उठायचे. मीही त्यांच्यामागे उठायची.

मोठ्या मास्तरांनी रेल्वेच्या डॉक्टरांना तार केली. ते मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून आले. बंगाली होते, वयस्कर, आमच्याशी हिंदी बोलायचे. त्यांनी काचेच्या नळीत यांची लघवी घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती गरम झाली तशी वरून पांढरी होत गेली, अंडं उकडल्यासारखी. मी दारात उभी राहून बघत होते.

"इनको इतना पानी किसने पिलाया?" त्यांनी विचारलं.

सासू म्हणाली, "मीनं. डाक्टरनंच सांगतलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले मात्र नाहीत. म्हणाले, बहुतेक डॉक्टर हेच सांगतात, मीही कालपरवापर्यंत हेच सांगत होतो. पण विलायतेतून येणाऱ्या डॉक्टरी मासिकांत आता वेगळं छापून येतं आहे. मूत्रपिंड बंद पडलं असताना पाणी पाजलं तर ते शरीरातच साचतं, फुप्फुसात उतरतं आणि माणूस आतल्या आत बुडतो. म्हणून जेवढी लघवी होईल तेवढंच पाणी द्यायचं, वर थोडंसं. मीठ नाही, डाळ नाही, मासळी नाही. भात, साखर आणि तूप. मूत्रपिंडाला विश्रांती दिली तर ते आपलं आपण सुरू होईल.

मी विचारलं, "एका आजाराले दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगते. आमी कोनाचं आयकावं?"

त्यांनी दिवा विझवला. म्हणाले, "मुझे भी पक्का मालूम नहीं, बेटी. मगर पहलावाला तो आप लोग करके देख चुके."

त्यांच्या या बोलण्यावर मी विश्वास ठेवला. खात्री दिली असती तर कदाचित ठेवला नसता.

रेघा आखलेला एक काचेचा पेला ते ठेवून गेले. त्या दिवसापासून घरातलं पाणी माझ्या ताब्यात आलं. यांची लघवी बाटलीत मोजायची, तेवढं पाणी पेल्यात घ्यायचं आणि दिवसभर घोट घोट करून द्यायचं. बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. साखर कंट्रोलची, रेशनवर मोजकीच मिळायची, ती मोठ्या मास्तरांच्या बायकोने आपल्या डब्यातून दिली. साखर, तूप आणि भात बघून यांना मळमळायचं. ओठ फाटले. जीभ सुकून बोलणं जड झालं. मी ओल्या फडक्याने ओठ पुसायची, तर फडकं दातात धरून चोखायचे.

सासूला ते बघवेना. "लेकरू पान्यावाचून मरून राह्यलं," ती म्हणाली, "अन् तू दगडावानी बसून राह्यली. तुह्या माहेरी नवेगावच्या तलावात एवढं पानी आहे, अन् मांडीवर पेला घेऊन मोजून देते."

मी दगडासारखी बसले नव्हते. मला बसताच येत नव्हतं. खाटेपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत चालत राहायची. माठ स्वयंपाकघरात आतल्या बाजूला ठेवला होता, आणि तिथे कोणी गेलं की माझी नजर तिकडे. सासूवर पाळत ठेवावी लागत होती, हेच मला जास्त लागायचं.

एका दुपारी मी विहिरीवर कपडे धुवायला गेले. परत आले तर खाट रिकामी. सासूला डुलकी लागली होती. बाहेर पॅसेंजर येऊन थांबली होती, आणि फलाटावर पाणीवाला बादली घेऊन डब्याडब्याशी ओरडत फिरत होता. हे त्याच्यासमोर वाकले होते, ओंजळ तोंडाशी धरून. अंगावर बंडी, पाय केळीच्या बुंध्यासारखे सुजलेले. पाणीवाल्याने छोटे मास्तर म्हणून अदबीने लोटा तिरका केला होता.

मी पळत जाऊन तो लोटा हाताने बाजूला ढकलला. पाणी फलाटावर सांडलं. यांच्या ओंजळीत थोडं होतं, ते प्यायच्या आत मी मनगटं धरून बोटं उघडली. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "कैसी औरत है, बीमार को पानी नहीं पीने देती."

हे खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक घोट दे वं. तुह्या पाया पडतो."

"सांजच्याले देईन," मी म्हणाले. "तुमच्या वाट्याचं राखून ठेवलं आहे."

पाणीवाल्याने आणि मी मिळून यांना घरी नेलं. सासू माझं तोंडही बघेना. संध्याकाळी पेल्यातलं पाणी दिलं तेव्हा यांनी डोळे मिटून घेतले होते.

यानंतर धाप वाढली, अंगाला खाज सुटली, आणि काही दिवस हे गुंगीत गाड्यांचे नंबर बडबडत होते. डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी दंडाची शीर उघडून थोडं रक्त काढलं, धाप कमी झाली, पण तोंडावरची काळजी त्यांना लपवता आली नाही. जाताना म्हणाले, "वैसे ही चलाइए." मी तसंच चालवलं. दुसरं काय करणार होते?

मग एका सकाळी बाटली अर्धी भरली. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरली आणि दुसरी शोधावी लागली. सूज ओसरू लागली, गालांची हाडं दिसू लागली. मी पेला भरून यांच्या हातात दिला, पुन्हा भरला. हे पीत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

सासू म्हणाली, तिच्या नवसाला यश आलं. मोठे मास्तर म्हणाले, डॉक्टर देवमाणूस. तब्येत दाखवायला आम्ही गोंदियाला गेलो तेव्हा मी रेल्वेच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, माझ्या पेल्यामुळे हे वाचले का? ते म्हणाले, तुम्ही पाणी पाजत राहिला असतात तर हे वाचले नसते, असं मला वाटतं. पण या आजारातून पुष्कळ लोक आपोआपही बरे होतात. मग त्यांनी सांगितलं की हॉलंड देशात एका डॉक्टराने रक्त धुण्याचं यंत्र बनवलं आहे. माणसाचं रक्त पातळ कागदासारख्या नळीतून फिरवायचं, नळी खारट पाण्याच्या टाकीत बुडवलेली, आणि रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मूत्रपिंडाचं काम काही तास यंत्र करतं.

"ते इकडे असतं तर यांना पाणी देता आलं असतं?"

"शायद," डॉक्टर म्हणाले. "थोड़ा ज़्यादा."

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. बरे झाले तरी मूत्रपिंडं पहिल्यासारखी राहिली नाहीत, पुढे जपावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमगाव गेलं, सालेकसा यायचं होतं, दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येऊ लागले. मी डब्याच्या दाराशी दांडा धरून उभी होते आणि त्या यंत्राचा विचार करत होते. ते कोणत्या बोटीने येईल, मुंबईला उतरेल की कलकत्त्याला, आपल्याकडे कधी पोचेल.

"बस ना आता," हे म्हणाले. "कायले उभी राहून राह्यली? जागा आहे."

मी बसले. सालेकशाला गाडी थांबताच, उतरायचं नव्हतं तरी, पुन्हा उठले.