शिवणीतली माया

रफूवाल्या मावशीच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे निव्वळ कौतुक. जिन्याखालची जागा, सरळ उभं राहिलं की डोकं आपटलंच. एक टेबल, एक दिवा, दोन स्टुलं. पण तिथे शिरलेला कोट बाहेर आला की मालकालाच चाचपून विचारावं लागे, "अहो, भोक होतं तरी कुठे?" मावशी म्हणायची, "सापडलं तर मलाही दाखवा."

तिचं गुपित साधं होतं. बाजारातला धागा ती वापरायचीच नाही. कपडा उलटा करायची आणि शिवणीत दडलेली माया शोधायची. शिंपी शिवताना थोडं जास्तीचं कापड आत सोडतो ना, तीच माया. वरून कुणाला दिसत नाही, आणि नसती तरी कपडा अंगात बसलाच असता. त्या मायेतला एकेक धागा काढून ती भोक भरायची.

दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत ती तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांचा वर्ग घ्यायची. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं! या वयाच्या पोरांना देवाबद्दल सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं पाळकसाहेबसुद्धा खासगीत कबूल करत. मावशी सांगायचीच नाही मुळी. पिशवीतून पत्र्याचा डबा काढायची. त्यात कधी पीस, कधी शिंपला, कधी चक्क मेलेली माशी. सोबत तिचं धागे मोजायचं भिंग. नियम दोनच. पहिला, 'सुंदर' म्हणायचं नाही. "सुंदर म्हणजे न बघता मारलेला शिक्का. काय दिसतं ते बोला!" दुसरा, माया शोधायची. "एवढ्यात भागलं असतं, तरी देवानं जास्तीचं कुठे सोडलंय? सापडलं की गप्प बसा. ती तुमची उपासना." माशी बघून शी-शी करणारा एक दांडगट पोरगा त्या माशीच्याच डोळ्यावर भिंग धरून दहा मिनिटं आ वासून बसला होता. शेवटी मावशी दोन ओळींची प्रार्थना करायची आणि सगळे म्हणायचे, आमेन.

एक मुलगी सोडून. तिचं नाव वर्गानं 'पुरावा' पाडलं होतं, कारण ती उठताबसता पुरावा मागायची. वडील वकिलाकडे कारकून. "आमेन म्हणजे सही," ती म्हणायची, "आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं बाबा सांगतात." मावशी हसायची. "नको करूस. वाचत राहा." पण मनातून तिला या मुलीचा घोर होता. ही एक वाचेल का, आणि आपल्या देखत वाचेल का?

देखत म्हणायचं कारण, मावशीचे डोळे चालले होते. डावा आधीच गेल्यात जमा, आता उजव्यातही मधोमध करडा डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. पाळकसाहेबांचे कान दिसत, नाक दिसत नसे. त्यानं फार बिघडलं नाही, असं ती स्वतःशीच म्हणायची. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे परत यायचं नाही. तिनं कुणाजवळ ब्र काढला नव्हता. रफू सवयीनं चालत होतं. बोटं डोळ्यांचं काम करत होती.

मग एका रविवारी तिनं चिमट्यानं डब्यातून जाळीचं पान काढलं. मातीत कुजून नुसत्या शिरा उरलेलं. "बघा, पान गेलं तरी विणकाम शाबूत! कुणी विणलं असेल हे?" तिनं ते उंच धरलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग 'पुरावा' हळूच म्हणाली, "मावशी, हे पान नाहीये. नेटच्या कापडाचा तुकडा आहे."

आयुष्यभर कापडात डोळे घालून बसलेली बाई, आणि कापडाला पान म्हणाली! हातात धरलं असतं तर बोटांनी तरी सावध केलं असतं. पण डब्यात ठेवतानाही तिनं ते चिमट्यानंच उचललं होतं; चिमट्यानं घात केला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशीनं डबा मिटला, "आज एवढंच" म्हणाली आणि भिंतीला हात लावत बाहेर पडली.

घरी येऊन ती भर दुपारी कॉटवर बसून रडली. "बावीस वर्षं मी पोरांना सांगितलं, बघणं म्हणजे तुझी स्तुती," ती देवाला म्हणाली. "आता बघणंच काढून घेतलंस. मग मी तुझी स्तुती कशानं करू, सांग ना!" पुढच्या रविवारी डबा आणि भिंग पाळकसाहेबांच्या हवाली करायचं ठरवून ती निघाली.

मागची खोली रिकामी होती. "इकडे, मावशी!" बाहेरून हाक आली. 'पुरावा'नं तिचा हात धरून तिला मागच्या भिंतीपाशी नेलं, तिथल्या गळक्या नळाशेजारी पायरीवर बसवलं आणि तिच्या पिशवीतून भिंग आणि चिमटा काढून घेतला. बाकीची पोरं आधीच उकिडवी बसली होती.

"सुंदर म्हणायचं नाही हं," मावशी सवयीनं म्हणाली.

"माहितीये. शेवाळ आहे. लांबून नुसती घाण."

"आणि जवळून?"

"झाडं आहेत. बोटाच्या पेराएवढ्या जागेत शंभर तरी असतील. प्रत्येक पानाच्या टोकाला एक पांढरा केस, त्यावर पाणी अडकलंय. मधूनमधून लाल दांडे आलेत, शिवायच्या दोऱ्याएवढे. दांड्यावर कुपी. कुपीला टोपी आहे, मावशी! एक टोपी काढते चिमट्यानं. आत..."

तिनं भिंग आणखी जवळ नेलं.

"आत काय गं?"

"आत झालर आहे. तांबूस. बारीक बारीक धाग्यांची, आणि सगळे धागे एकाच बाजूला पीळ दिलेले. बत्तीसपर्यंत मोजले, मग चुकले." आता तिचा आवाज चिडल्यासारखा झाला. "गळक्या नळाखाली! टोपीच्या आत! भिंगाशिवाय दिसतसुद्धा नाही. इथे कोण बघायला येणार होतं? मग एवढं कशाला?"

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. करडा डाग होता तिथेच होता, पण ती बत्तीस धाग्यांची झालर तिला लख्ख कळली. इतकं तर तिला धड डोळ्यांनीही कधी दिसलं नव्हतं. तिनं हात जोडले.

"माया आहे ती," ती कशीबशी म्हणाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. दांडगट पोरगासुद्धा नाही. 'पुरावा' चिखलात गुडघे टेकून तशीच बसली होती.

"वाचलं मी, मावशी," ती म्हणाली. "नीट वाचलं." आणि मग एकदम हळू, "आमेन."

मावशीनं पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. "पुढच्या रविवारी यात काय आणायचं ते तू बघ," ती म्हणाली, "आणि मला सांग."