निळीमावशीचा कोळसा

कोपरापर्यंत निळे हात घेऊन वावरणाऱ्या रंगारणीला सगळी गल्ली निळीमावशी म्हणे. विटलेले पडदे, जुन्या चादरी, काहीही द्या, ती नवंकोरं करून द्यायची. "रंग माझं ऐकतो," असं छातीठोक सांगायची.

पण गटारात गेलेला रंग कुणाचं ऐकणार? एका सकाळी खाली उतारावर राहणारी तिची धाकटी जाऊ बदक काखोटीला धरून दारात उभी राहिली. पांढरंशुभ्र बदक पोटाखाली आकाशी झालं होतं.

"ताई, हे मी रंगवायला दिलं होतं का?"

निळीमावशीला हसू फुटलं, पण जाऊचे भरलेले डोळे पाहून ते घशातच विरलं.

"तुझ्या गटाराने आमचं बदकांचं डबकं निळं झालंय. अंडीसुद्धा कुणी घेत नाही," जाऊ म्हणाली.

"धंदा मी बंद करणार नाही. पण पाणी साफ करून दाखवीन."

"बोलाचीच कढी!" म्हणत जाऊ पाय आपटत निघून गेली.

निळीमावशी तडक पाणीखात्यातल्या तपासनीस बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "घरातल्या साली, टरफलं, कोयी वाळवा आणि हवा न लागू देता भाजा. जळून राख नको, कोळसा हवा. त्यातून पाणी गाळलं की त्याच्या बारीक छिद्रांत रंग अडकून बसतो."

पहिल्या खेपेला साली भरलेल्या डब्याचं झाकण सैल राहिलं आणि हाती पांढरी राख आली. दुसऱ्या खेपेला तिने झाकण तारेने आवळलं, धूर जायला तेवढं एक भोक ठेवलं आणि भोवती जाळ केला. भोकातून निघणाऱ्या धुराने पेट घेतला आणि ती ज्योत आपोआप विझली, तेव्हा तिने डबा गार होऊ दिला. आत खुळखुळणारा काळाभोर कोळसा! तो कुटून, धुऊन तिने पिंपात वाळूच्या थरांमध्ये दाबून भरला आणि जाऊला बोलावणं धाडलं.

वरून गडद निळं पाणी ओतलं. पिंपाच्या तळाच्या नळीतून आधी काळपट, मग हळूहळू नितळ धार आली. जाऊने बरणी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"चाळणीतून नाही ना काढलंस?" तिने विचारलं.

"चाळणीने रंग जातो होय, येडे?"

दोघीही खो खो हसल्या.

तपासनीस बाईंनी पाणी नेऊन तपासलं. गटारात सोडायला हरकत नाही, पिऊ मात्र नका, असं त्यांनी बजावलं. रंगाने भरलेला कोळसा उघड्यावर न टाकता त्यांच्या खात्याकडे द्यायचं ठरलं. जाऊ आता घरोघरी फिरून साली गोळा करू लागली, आणि डब्याखालचा जाळ कुणी सांभाळायचा यावरून दोघींची रोज जुंपू लागली.

वरच्या आळीतले दोन रंगारी अजून रंगाचं पाणी तसंच गटारात सोडत होते. निळीमावशी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"उद्या पिंप घेऊन येते," ती म्हणाली. "तुमच्या सांडपाण्याच्या नळीजवळ जागा करून ठेवा."