दारात कोण होतं

दारात पोरगा नव्हता, हे मी सात वर्षं सांगत आलो. दर शुक्रवारी, दुपारी, फोनवर, एकाच माणसाला. आणि तो माणूस तेवढीच वर्षं म्हणत आला की दारात पोरगाच होता.

तो माणूस म्हणजे माझ्या शेजारचा गादीवाला. अकोल्यात देवळाच्या रस्त्यावर माझं फुलांचं दुकान आहे, त्याला लागून त्याचं गादीचं दुकान होतं. मधे पत्र्याची भिंत होती. ती आम्ही कंबरेइतकी कापून काढली, कारण टीव्ही त्याच्याकडे होता. संध्याकाळी मालिका लागली की तो दाभण घेऊन गादीला टाके घालायचा आणि मी सुई घेऊन हार ओवायचो. दोघांचे डोळे टीव्हीकडे. माझी शाळा चौथीत सुटली, पण हातांना शाळा लागत नाही. माझ्या हाराची गाठ आजपर्यंत कोणाच्या गळ्यात सुटलेली नाही.

मालिका साधी होती. बाप चारचौघांत थोरल्या पोराला थोबाडीत मारतो. पोरगा घर सोडून जातो. मग पुढची सगळी वर्षं त्या घराची. आई भाकरी थापते, धाकट्याचं लग्न होतं, बाप म्हातारा होतो, पण त्या पोराचं नाव कोणी काढत नाही. शेवटच्या दिवशी सकाळीच दार वाजतं. आई पिठाच्या हातांनी उठते, कडीला हात लावते. संपलं. दारात कोण, ते दाखवलंच नाही.

त्या दिवशी मी नवरदेवाचा हार ओवत होतो. टीव्ही बंद झाला तेव्हा पाहिलं, तर हार इतका लांब झाला होता की दोन नवरदेव त्यात मावले असते. गादीवाल्यानं त्याच्याहून मोठी कमाल केली. कात्री आत ठेवून गादी शिवून टाकली. चार दिवसांनी गिऱ्हाईक पाठ चोळत आलं.

"पोट्टा आला," गादीवाला त्याच मिनिटाला म्हणाला होता. "आखिर आला घरी."

"पोट्टा नाई येत," मी म्हणालो. "दूधवाला असन."

"दूधवाल्यासाठी कोणी एवढी मालिका काढते का बे?"

"मग तार घेऊन आलेला कोणी असन. पण पोट्टा नाई."

मी इतकं ठासून काहून म्हणालो, ते त्याला माहीत होतं. मीही सोळा वर्षांचा असताना तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावातून असाच निघालो होतो. कापूस मोजताना बापानं सगळ्यांसमोर हात उचलला. मी वजनकाटा तिथेच टाकला आणि अकोल्याची एसटी धरली. परत गेलो ते बाप मेल्यावर तिसऱ्या दिवशी. तेव्हा दार उघडंच होतं, वाजवायचं काम पडलं नाही. म्हणून मला कळतं, असा पोरगा येत नसतो.

मालिका संपल्यावर वर्षभरात गादीवाल्याचे गुडघे गेले. त्याचा मुलगा त्याला अमरावतीला घेऊन गेला. एसटीनं जायला फार वेळ लागत नाही. मी दोनदा गेलो. सुनेनं सरबत दिलं, बिस्किटं दिली, आम्ही दोघं सोफ्यावर पाहुण्यासारखे बसलो. आयुष्यभर मी त्याला रुईच्या ढिगात मांडी घालून बसलेला पाहिला. सोफ्यावर पाय सोडून बसलेला तो मला कोणाचा तरी सासरा वाटला. तिसऱ्यांदा गेलो नाही.

मग फोन राहिला. शुक्रवारची नमाज झाली की त्याचा फोन यायचा. सलाम नाही, नमस्कार नाही.

"मान्य कर."

"नाई करत."

तिथून अर्धा तास. त्या भांडणात मग सगळं यायचं. झेंडूचा भाव, गुडघे, फोमच्या गाद्यांना शिव्या, देवळाच्या रस्त्यावर कोण मेलं, कोणाचं लग्न मोडलं. माझं घर म्हणजे दुकानामागची खोली. लग्न मी केलं नाही. आठवडाभर माझ्याशी लोक बोलतात ते "पाच रुपयांचा हार द्या" एवढंच. शुक्रवार तेवढा वेगळा.

मग मालिकावाल्यांना हाव सुटली. त्या मालिकेत शेजारी एक पेन्शनवाला हवालदार होता. दोन मिनिटं यायचा, साखर मागायचा, एखादा विनोद फेकायचा आणि जायचा. लोक हसायचे, आम्हीही हसायचो. त्याचीच वेगळी मालिका काढली. आता निशिगंधाच्या हारात मधे एक हिरवं पान ओवलं की नजर ठरते, म्हणून नुसत्या पानांचा हार केला तर तो बकरीच्याच कामाचा. तो हवालदार अर्धा तास साखर मागू लागला. तरी मी एक दिवस सोडला नाही. काहून, तर त्याच्या अंगणातून मागे कधी कधी ते घर दिसायचं. ते दार दिसायचं. त्याला कोणी तरी हिरवा रंग दिला होता, पण दार तेच.

शुक्रवारी गादीवाला म्हणाला, "हवालदार बेकार."

"एकदम बेकार."

"हो ना."

पुढे काही सुचेना. दोघांचं एकमत झालं होतं. "बरं, ठेवतो," तो म्हणाला आणि ठेवला. मी फोन हातात धरून बसलो. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. एका बाईनं वेणी मागितली तर मी तिला तुळस दिली.

आणि अशात दुसऱ्या भागाची बातमी आली. गादीच्या दुकानाच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणारी बाई पत्र्याच्या त्याच भोकातून डोकावून म्हणाली, "काकाजी, तुमची मालिका परत येऊन राहिली! दुसरा भाग. पहिल्याच दिवशी दार उघडणार म्हणे."

खोटं कशाला बोलू, आधी आनंद झाला. त्या घरातली माणसं परत दिसतील, एवढ्यानंच. मग ध्यानात आलं की दार उघडलं की भांडण मिटणार. आणि भांडण मिटलं की फोन कशासाठी करायचा?

शुक्रवारी गादीवाला खुशीत होता. "आता फैसला."

"कसला फैसला? मूळचा लिहिणाराच नाई म्हणे यात."

"वा रे वा! हरायच्या आधीच रडून राहिला."

"तुले पाहायचं तर पाह. मी नाई पाहत."

"पाहशील."

"नाई पाहत म्हणलं ना!"

सोमवारी लागली. बुधवारपर्यंत मी दम धरला. बुधवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी झेरॉक्सवालीला म्हणालो, "लाव ते सोमवारचं." तिनं मोबाइल झेंडूच्या बादलीला टेकवून ठेवला आणि स्वतः मागे उभी राहिली.

आई बदललेली. नवीन बाई चांगली असेल, पण तिनं कडीला हात लावायच्या आधी पीठ पदराला पुसलं. आमच्या आईनं पुसलं नसतं. दार उघडलं. दारात पोरगा होता, दाढी पिकलेला.  आई रडली नाही. म्हणाली, "चप्पल आत काढ. बाहेर कुत्रं नेते."

तेव्हा हार ओवायचे माझे हात थांबले. शेवटच्या दिवशी थांबायला विसरले होते, तेच हात.

"हरले ना काकाजी?" झेरॉक्सवाली म्हणाली.

"तुह्या दुकानात गिऱ्हाईक आलं, जाय."

गिऱ्हाईक कोणी नव्हतं. ती समजून गेली.

शुक्रवारी नमाजची वेळ टळली. अडीच वाजले, तीन वाजले, फोन नाही. जिंकलेला माणूस फोन करत नाही, असा हा गादीवाला मला माहीत नव्हता. मग कळलं, तो मुद्दाम करत नाही. केला तर पोट्टा आलाच होता, हे त्याला बोलावं लागेल, आणि ते मला कुठे लागेल हे त्याला ठाऊक आहे. सात वर्षांत पहिल्यांदा नंबर मी लावला.

"बोल," तो म्हणाला. आवाज हळू.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मग?"

"मग काय? मी काई बोललो का तुले?"

आजाऱ्याशी बोलतात तसा बोलत होता. असली दया मला बापाचीही चालली नसती. आणि पुढे दिसत होता तो हवालदाराचा शुक्रवार, दोन मिनिटांचा. बरं, ठेवतो.

मी म्हणालो, "तो दुसरा भाग खोटा हाय."

"काय?"

"आई दुसरी. लिहिणारा दुसरा. दाराले रंगसुद्धा दुसरा मारला. ज्या दारावरून आपलं भांडण होतं ते दार हे नाईच. मी नाई मानत."

 पलीकडे आधी खोकला. मग जो भडका उडाला! "अबे बेशरम! डोळ्यानं पाहून नाई मानत? दार उघडलं, पोट्टा उभा, आई बोलली, अन् तू रंगाचं सांगून राहिला मले?" मागून सून म्हणत होती, "अब्बा, हळू, हळू." तो हळू व्हायचं नाव घेईना. रंगावरून फोमवर गेला, फोमवरून माझ्या हट्टावर, तिथून गुडघ्यावर. अर्धा तास उलटून गेला.

शेवटी दम लागला तसा तो उतरला. "येतात बे पोट्टे," म्हणाला. "काई काई येतात."

"असल्या मालिकांत येत असतील."

"मान्य कर."

"नाई करत."

"बरं. मग शुक्रवारी पाहतो तुले."

फोन ठेवला. झेंडू सुकत आला होता, त्यावर पाणी मारलं आणि अर्धा राहिलेला हार हातात घेतला. गादीवाल्याची शाळा उर्दूची, मराठी तो बोलतो पण वाचत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. दारात पोरगाच होता. मला ते पहिल्याच दिवशी, पिठाचा हात कडीला लागला तेव्हाच वाटलं होतं. पण हे कोणी अमरावतीला सांगायचं काम नाही.