सासूबाई आणि हिस्टोग्राम

अंबरनाथला पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर मी बी.कॉम.वाल्यांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो. विषय इतका रुक्ष, की त्यात किस्से घडूच नयेत. पण फळ्यावर ग्राफ काढला की कुणीतरी तोंड उघडतंच! घरी येऊन सांगितलं की बायको विचारते, "तुम्ही नक्की शिकवता काय?"

*

हरेश उल्हासनगरचा, कॅम्प चारचा. वडिलांचं रेडिमेड शर्टांचं दुकान. मी सांगत होतो, माणसांची उंची सलग मोजतात, म्हणून हिस्टोग्रामचे बार चिकटलेले. शर्टांचे साईज सुटे, अडतीसनंतर थेट चाळीस. तिथे बार ग्राफ काढायचा, मध्ये गॅप ठेवायची.

"नाही सर," हरेश म्हणाला. "एकोणचाळीसवाला कस्टमर आला की पप्पा त्याला चाळीसच चिकटवतात. बोलतात, धुतल्यावर बसेल. हमारे यहाँ गॅप होता ही नहीं!"

*

क्लासचे मालक म्हात्रेशेठ. त्यांनी कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. आमचा निकाल आणि समोरच्या क्लासचा निकाल, असे दोन बार. फरक जेमतेम, पण आमचा बार टॉवरएवढा आणि त्यांचा पायरीएवढा! बघतो तर आकडे शून्याऐवजी नव्वदपासून सुरू.

"शेठ, खालचे नव्वद कुठे गेले?"

"ते दोघांचे सेमच आहेत ना? मग पब्लिकला कशाला बोअर करायचं!"

*

स्नेहल चिखलोलीची. लग्नानंतर पदवी पूर्ण करत होती. बाकीचे विषय सुटले, हा एकच राहत होता. सासूबाईंनी बजावलं होतं, "हा शेवटचा चान्स. नंतर पुस्तकं भंगारात." वर सून खरंच शिकते का हे बघायला त्या नातवाला घेऊन शेवटच्या बाकावर बसायच्या!

एकदा मी दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी काढले. मागून आवाज आला, "मास्तर, हे लांब लांब उभे, ते काय?"

"बार ग्राफ."

"म्हणजे वेगळ्या झालेल्या जावा. आणि हे खेटलेले, अजून एका चुलीवरच्या!"

वर्ग खो खो हसला. पुढच्या बॅचला मी तेच शिकवलं.

*

प्रिलिमला स्नेहलने हिस्टोग्रामच्या प्रत्येक बारमध्ये रांगोळीची नक्षी काढली. अक्षांवर मात्र एक अक्षर नाही.

"अगं, हा ग्राफ कशाचा आहे?"

"कळलं नाही सर. म्हणून तर सजवला!"

मला हसू आलं. पण ती पास व्हावी असं जितकं वाटलं, तितकं स्वतःच्या निकालाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

*

निकाल लागला आणि फोन आला तो सासूबाईंचाच.

"मास्तर, सून पास!" आवाज खाली गिरणीतसुद्धा ऐकू गेला असेल.

"आता तिच्या मार्कांचा तो बार काढून द्या. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचाय. ती शेजारीण, स्वतःची सून कॉलेजला गेलीच नाही तरी, उठता बसता विचारते, सून अजून शिकतेच का म्हणून."

"अहो, एकटीचेच मार्क. एकच बार येईल."

"एकच काढा. बाजूला जागा मोकळी सोडा, आणि खाली शेजारणीच्या सुनेचं नाव टाका!"