डोमाजीची गन

माझी नवी कोरी पावडर कोटिंगची गन डोमाजीने पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटून फोडली. कोरडी रंगाची पावडर विजेच्या जोरावर लोखंडाला चिकटवायची आणि मग भट्टीत भाजून पक्की करायची, त्यासाठीची ही गन मी ऑनलाइन मागवली होती. हौशी लोकांसाठीची, हलकी, लाल मुठीची. मोटारसायकलचे रिम रंगवायला बरी, पण मला तिच्यावर लोखंडी पलंग काढायचे होते. डोमाजीने ती हातात घेतली, एकदा चालवली, उडालेला ढग खाली बसेपर्यंत पाहिला आणि फेकली. मग उकिडवा बसून त्याने तुकडे गोळा केले.

"आता बनवतो इले," तो म्हणाला. "साबूत होती तोवर तुमी हात लावू देला नसता."

खरं होतं. मी दिला नसता.

गोंदियाजवळ फुलचूरला सासऱ्यांची ग्रिल-गेटची शेड आहे, ती मी चालवते. त्या वर्षी एका वसतिगृहाच्या पलंगांचं काम मिळालं होतं आणि पहिली खेप परत आली होती. पाय आणि पट्टी जिथे जुळतात त्या आतल्या कोपऱ्यात पावडर पोचलीच नव्हती, तिथून गंज फुटला होता. दुसरी खेपही परत आली असती तर शेडला कुलूप लागलं असतं. डोमाजी नागपूरच्या एका कारखान्यात बारा वर्षं कोटिंग करून गावी परतला होता. का परतला, ते त्यानेच सांगितलं: सुपरवायझरचे समोरचे दोन दात पाडले म्हणून. मी तरी त्याला ठेवलं. मला कोपरे भरून हवे होते.

गनची वायर आणि आतला सर्किटचा डबा शाबूत निघाला. बाकीचं त्याने स्वतः जमवलं. मूठ सागवानाची केली. गनच्या तोंडाशी नायलॉनचा तुकडा कातून छत्रीसारखा बसवला, म्हणजे पावडर सरळ न जाता पसरते. विजेचा जोर कमी-जास्त करायला बटण लावलं. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी अडवायला एकापुढे एक दोन फिल्टर जोडले. सगळ्यात जास्त वेळ त्याने अर्थिंगला दिला. गनसोबत आलेली चिमट्याची बारीक तार काढून फेकली, शेडमागे खड्डा खणून मीठ-कोळशात तांब्याची सळई पुरली आणि तिथून करंगळीएवढी जाड तार आणली. त्या खड्ड्यात रोज सकाळी तो बादलीभर पाणी ओतायचा. "पावडरले घर पाह्यजे," म्हणायचा. "मातीपर्यंत रस्ता नसन त ते कायले बसन लोखंडावर?"

कोपऱ्यापाशी आला की हा माणूस वेगळाच व्हायचा. विजेचा जोर कमी करायचा, हवा कमी करायचा, श्वास रोखायचा. "कोपऱ्यात जोर केला का पावडर पळते," हे त्याचं नेहमीचं वाक्य. गन खाली ठेवली की मात्र जोराशिवाय त्याला काही सुचत नसे. कॉम्प्रेसर अडला की लाथ. पाना सापडला नाही की डबाच रस्त्यावर. सालेकसाकडचं एक गिऱ्हाईक गेट न्यायला आलं होतं. भट्टीतून नुकतंच निघालेलं गेट, त्यावर त्याने पक्केपणा पाहायला किल्लीने ओरखडा ओढला. डोमाजीने त्याचा पंजा पकडला आणि तापल्या गेटवर दाबून धरला. कातडीचा वास शेडभर झाला. "हाताले समजलं न?" त्याने विचारलं. त्या माणसाच्या हातावर मी मलम लावलं, माफी मागितली, गेट फुकट दिलं. डोमाजीला काढलं नाही. पलंग अर्धे झाले होते आणि एकाही कोपऱ्यात उघडं लोखंड दिसत नव्हतं.

त्याचा सगळ्यात कडक नियम हुकांचा होता. पलंगाची चौकट ज्या हुकांना टांगायची, त्या हुकांवरही पावडर बसते आणि भट्टीत भाजून तिचा थर होतो. मग लोखंड लोखंडाला टेकत नाही, मातीपर्यंतचा रस्ता तुटतो. म्हणून रोज सकाळी शालिकभाऊ सगळे हुक गॅसच्या जाळावर जाळून कानशीने पांढरे करायचे. शालिकभाऊ सासऱ्यांच्या वेळचे, साठीला आलेले, कोणावर आवाज न चढवणारे. डोमाजी त्यांना बुढ्या म्हणायचा, पण त्यांचा हुक न घासता कधी आलेला नाही, हेही कबूल करायचा.

शेवटच्या दिवशी बारा पलंग उरले होते. ट्रक संध्याकाळी यायचा होता. गॅस संपत आला होता आणि मला तो भट्टीला पुरवायचा होता. डोमाजी पावडर आणायला गोंदियात गेला होता. मी शालिकभाऊंना म्हटलं, आज हुक राहू द्या, कालचेच लावा, एक दिवसाने काय होतं. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि लावले.

डोमाजी आला, गन सुरू केली. पावडर चौकटीला लागून पिठासारखी खाली सांडत राहिली. त्याने हुकावर नख ओढलं. थर निघाला. कोणी टांगले, त्याने विचारलं. शालिकभाऊ म्हणाले, "मी." माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी चार पावलांवर भट्टीच्या दाराशी होते. डोमाजीने पलंगाची सळई उचलली. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा त्यांनी हातावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ते खाली पडले. मग मी म्हटलं, "मी सांगितलं होतं त्यांना."

डोमाजी सळईसकट माझ्याकडे वळला. माझ्या मागे तापलेली भट्टी होती, सरकायला जागा नव्हती. मग त्याने सळई खाली घेतली.

"मंग आधी काऊन नाई बोलले, बाई?"

मी शालिकभाऊंना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. हात दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर होईपर्यंत ते एवढंच म्हणत होते की तक्रार नको, माणूस कामाचा आहे. मी त्यांना घरी सोडून शेडवर परतले तेव्हा ट्रक भरून गेला होता. डोमाजीने उरल्या गॅसवरच हुक जाळले होते, बाराही चौकटी पुसून त्यांवर पुन्हा पावडर मारली होती, त्या भाजल्या होत्या आणि हमालांबरोबर स्वतः चढवल्या होत्या. पुढे ती खेप पास झाली. एकही पलंग परत आला नाही.

त्या संध्याकाळी डोमाजी स्टुलावर बसून होता. मी म्हटलं, ठाण्यात चला. तो उठला, हात धुतले, सदरा घातला आणि माझ्या स्कुटीच्या मागे बसला.

हवालदाराने तक्रार लिहून घेतली. चूक माझ्या सांगण्यावरून झाली होती, हेही मी लिहायला लावलं. तो म्हणाला, मॅडम, मारा इसने, आपका इसमें क्या. मी म्हटलं, लिहा. मग मी सांगितलेलं सगळं त्याने वाचून दाखवलं. आरोपीने सळईने दोन फटके मारले, त्यानंतर मालकिणीने मध्ये पडून थांबवलं.

डोमाजी बाकावर बसून ऐकत होता. हवालदाराने त्याला विचारलं, कुछ बोलना है?

"तीन मारले," डोमाजी म्हणाला. "तिसरा खाली पडल्यावर, मोडल्या हातावरच. बाई बोलली ते तिसऱ्या फटक्याच्या मागून."

हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तीन लिहा," मी म्हटलं.